चाकातलं शिसं

"अवो, इकडे या लवकर! तुमची गाडी उंदरानं खाल्ली!"

मारोतराव न्हाणीतल्या दगडावर बसून नकली पायाचा पट्टा आवळत होते. गोजराबाईंची आरोळी ऐकून त्यांनी मान वर केली, पण पट्टा सोडला नाही.

"गाडी कशी खाईन उंदीर? रेडा हाय काय तो?"

"मंग येऊन पाहा ना डोयानं. पुढचं चाक कुरतडलं. आतली कनिक सारी फस्त. अन् जाता जाता लेंड्या ठेवून गेला, म्हने जेवन बेस होतं."

मारोतराव काठी टेकत ओसरीवर आले. कोपऱ्यात गाडी एका अंगाला कलून पडली होती. चाकाची कड दाताळली होती आणि आतला स्पंज बाहेर लोंबत होता.

गाडी म्हणजे तुम्ही-आम्ही बसतो ती नव्हे. मांजराएवढी, रिमोटवर चालणारी. पण जत्रेतल्या गाड्यांसारखी भुर्रकन पळणारीही नव्हे. हिचं काम एकच, दगडावर चढायचं, आणि तेही मुंगीच्या चालीनं. चारही चाकांना जोर, टायर मऊ, आत हवेऐवजी स्पंज. खांबाला लावलेली शिडी सरकून वायरमन मारोतराव खाली आले आणि अकोल्याच्या दवाखान्यात डावा पाय गुडघ्यापासून खाली तिथंच ठेवून घरी परतले, तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या राखीनं बापासाठी ती पाठवली होती. "बाबा, बसल्या जागी हाताले चाळा राहीन," म्हणाली. वायरमनच्या हाताला चाळा म्हणजे काय, तर त्यांनी पहिल्याच दिवशी गाडी पूर्ण उघडली आणि पुन्हा जोडली.

पण तिच्या चाकात कणीक कशी गेली, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायची नाही.

मारोतराव गावच्या भजनी मंडळाचे मृदंगी. मृदंगाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, ओल्या कणकेचा लेप द्यावा लागतो. तो लेप असला तर घुमारा पोटातून येतो; नसला तर रिकामा डबा वाजतो आणि डबाच वाजतो. गावची रीत अशी, की महाशिवरात्रीच्या सप्ताहात रोज धुमेवरून खरवडलेली कणीक मृदंग्यानं एका वाटीत जमवायची. काल्याच्या सकाळी तिच्यात नवी कणीक मळून दिवा घडवायचा आणि टेकडीवरच्या महादेवापुढे नेऊन लावायचा. नेणारा हात मृदंग्याचाच हवा. वाटेत दुसऱ्या कुणाचं बोट लागता कामा नये. जिनं सात दिवस थापेखाली देवाचं नाव ऐकलं, ती कणीक शेवटी देवापुढेच जळून जावी, असा त्यातला भाव.

मिसरूड फुटलं तेव्हापासून मारोतरावांनी हा दिवा नेला होता. नकली पाय सपाटीवर बरा चाले. कीर्तनात मृदंग गळ्यात घालून ते तास-दीड तास उभे राहत. पण टेकडीचे खडक त्या पायाला मानवत नव्हते. मागच्या वर्षी काल्याच्या सकाळी मंडळाचे अध्यक्ष भिवाजी चार गडी आणि एक खुर्ची घेऊन दारात आले होते.

"मारोतराव, तुमी फक्त बसा. चौघं जन अलगद उचलून नेतो वर."

"चौघांच्या खांद्यावर मी एकदाच जाइन, भिवाजी. अन् थे बी तुमी खुर्ची आनली म्हनून नाई."

मग दिवा हरीओमनं नेला. हरीओम मारोतरावांच्याच हाताखाली मृदंगावर तयार झालेला, चांगल्या वळणाचा. त्यानं तो नीट नेला, तेवत ठेवला, काही उणं केलं नाही. पण मारोतराव पायथ्याच्या चौथऱ्यावर बसून राहिले आणि प्रसादाचा काला मुठीत तसाच धरून घरी आले. गोजराबाईंनी मूठ उघडून पाहिली तेव्हा दही-लाह्यांचा गोळा सुकून हाताला चिकटला होता. त्या दिवशी त्या बाईनं नवऱ्याला एकही टोमणा मारला नाही. यावरून काय ते समजा.

यंदा मारोतरावांनी ठरवलं होतं, दिवा गाडी नेईल आणि गाडीला आपला हात नेईल. पण वाऱ्यात दिवा टिकायचा तर त्याला कंदिलाची काच हवी. आणि काच बसवली की गाडी वरच्या अंगाला जड व्हायची. जरा चढ लागला की मागे उलटून चारी चाकं आभाळाकडे. गाडीच्या पोटाखाली लोखंडाची पट्टी बांधून पाहिली, तर ती दगडाला अडकायची. वजन खाली पाहिजे, अगदी जमिनीलगत पाहिजे, म्हणजे चाकातच पाहिजे, इथवर त्यांचं डोकं बरोबर चाललं. आणि मृदंग वाजवणाऱ्या माणसाला वजन म्हटल्यावर दुसरं काय सुचणार?

"जिंदगीभर वायरमनकी केली," गोजराबाई झाडू फिरवत म्हणाल्या, "अन् चाकात कनिक भरता. सांगू नका कोनाले."

"तू वरडू नको, मंग कोनाले समजत नाई."

"काला परवावर आला. देऊन टाका ना दिवा हरीओमले. देवाशी रुसले काय तुमी?"

"रुसलेला मानूस त्याच्या घरी जायले धडपडते काय वं?" मारोतरावांनी गाडी पिशवीत टाकली आणि मालेगावकडे जाणाऱ्या जीपसाठी फाट्यावर गेले.

मालेगावच्या रस्त्याला देवमनचं टायरचं दुकान होतं. दोघं एका बाकावर बसून शिकलेले. देवमन विहारात जाणारा. टेकडीवर आणि सप्ताहात त्याचं काही काम नव्हतं. पण रात्री कीर्तनाचा आवाज शिवारावरून आला, तर मृदंगावर मारोत्या आहे की दुसरा कोणी, हे त्याला अंथरुणात पडल्या पडल्या समजे.

"कनिक!" देवमन हसता हसता टायरच्या थप्पीवर बसला. "अबे मारोत्या, चाकाले निवद दाखवला काय?"

"हास. हासून झालं की इलाज सांग."

"इलाज काय, शिसं लाव. मोठ्या गाडीच्या चाकाचा तोल सांभाळाले आमी लावतो थेच. उंदराच्या बापाले चावनार नाई."

दोघं कामाला बसले. चाकाच्या रिंगचे बारीक स्क्रू काढले, टायर सोलून बाजूला केला. देवमननं शिशाच्या चिकटपट्ट्या तुकडे करून आतल्या गोलाईला ओळीनं बसवल्या, त्यांना जागा करायला स्पंज आतून तासला, कुरतडलेली कड ट्यूबच्या सोल्युशननं सांधली. मग शेजारच्या किराणावाल्याचा तराजू मागून आणला आणि चारही चाकं एकमेकांशी तोलून सारखी केली. काम झाल्यावर त्यानं ती अशी मांडून ठेवली, जशी सोनार बांगड्या ठेवतो.

दुकानामागे गिट्टीचा आणि मोठ्या धोंड्यांचा ढीग होता. गाडीवर काच बसवून तिथं सोडली. आडव्या उतारावर ती पक्की बसली. देवमननं मिशीला हात लावला. पण उभा धोंडा आला तशी तिनं नाक उचललं, पुढची चाकं हवेत फिरू लागली आणि काच मागे झुकली. मारोतरावांनी धावत जाऊन धरायचं म्हटलं तरी पाय कुठं होता? देवमननं झेलली.

"पुढं जास्त पाहिजे," मारोतराव म्हणाले. "मांगचं काढ, पुढं लाव."

"याड लागलं काय तुले? चाकं सारखे करता करता माहे केस पिकले. लोक माह्याकडे येतेच त्याच्यासाठी."

"लोकाच्या गाड्या डांबरावर चालतात, गड्या. मृदंगाचे दोनी तोंडं सारखे केले तर वाजन काय तो? एक जड लागते, एक हलकं. जड बाजू बूड धरून बसते, म्हनून दुसरी बोलते."

"असं कर," देवमन पाना आपटत म्हणाला, "माहं दुकान बंद कर, अन् मले टाळ दे."

पण मागच्या चाकांतल्या पट्ट्या त्यानं काढल्या. पुढं लावल्या. आणखी लावल्या. आता गाडीचं नाक उठेना, पण मोटारच ओढेना. मारोतरावांनी डोळे मिटून कान दिला. "कुथून राह्यली. उलीसं काढ." उलीसं काढलं. पुन्हा सोडली. पुन्हा कान. पुन्हा उलीसं. देवमन शिव्या घालत होता आणि काढत होता. दुपार कलली तेव्हा गाडी त्याच धोंड्यापाशी गेली, नाक टेकवून क्षणभर थांबली, आणि पुढची जड चाकं दगडाला चिकटून, एक एक बोट करत, वर सरकली. काच हललीसुद्धा नाही.

देवमननं चिंधी घेतली. हात पुसून झाले तरी पुसतच होता.

"चढली लेकाची," तो म्हणाला.

गोष्ट गावात आधीच पोहोचली होती. सायंकाळी हरिपाठ संपला तसा भिवाजींनी विषय काढला. भिवाजी काही वाईट माणूस नव्हे. सप्ताहात वीणा त्यांच्या गळ्यात असे आणि मंडपातला शेवटचा माणूस जेवल्याशिवाय ते पानावर बसत नसत. पण रीत म्हणजे रीत.

"मारोतराव, खेळन्याच्या पाठीवर देवाचा दिवा? लोक हासतीन आपल्याले. हात मृदंग्याचा पाहिजे, असं हाय थे."

"हात माहाच हाय. रिमोटवर."

"रिमोटचा हात, हात नसते."

"बरं. मंग गजेंद्राचं सांगा," मारोतराव काठीवर रेलून म्हणाले. "परवा बुवांनी कीर्तनात किती रंगवलं. नक्रानं पाय धरला हत्तीचा, जीव चालला, अन् त्यानं कमळ वर धरलं. तुमी उपरन्यानं डोये पुसत होते, म्या पाह्यलं. कायनं धरलं कमळ त्यानं? सोंडेनं. सोंड हात हाय काय? देव म्हनला काय त्याले, का बाबा, हातानं देशीन तर घेतो? गरुड मांगं सोडून पयत आला!"

मंडपात खसखस पिकली. टाळकऱ्यांतल्या कुणीतरी टाळ किणकिणवला. भिवाजींचा चेहरा उतरला आणि मग कडक झाला.

"ठीक हाय. तुमी कीर्तनातलं बोलले, मी बी कीर्तनातलंच मानतो. न्या गाडीवर. पन वाटेत कोनी हात लावनार नाई. गाडी पडली किंवा दिवा इझला, तर दिवा हरीओमचा. यंदाच नाई, कायमचा. मंग हा इषय पुन्हा निंगाले नाई पाहिजे."

हरीओम खाली मान घालून जमिनीवर रेघोट्या ओढू लागला.

"मंजूर," मारोतराव म्हणाले.

"अन् पोहोचली तर?" बायकांच्या बाजूनं आवाज आला. गोजराबाई उभ्या राहिल्या होत्या, पदर खोचून. "पडली तर काय थे तुमी सांगतलं, भाऊ. पोहोचली तर काय, थे बी सांगा ना चार लोकात."

भिवाजींनी वीणेची खुंटी उगाच पिळली. "पोहोचली तर यांचा हात चालते तोवर दिवा यांचा."

"हां," म्हणून गोजराबाई खाली बसल्या.

काल्याच्या सकाळी ऊन कोवळं असतानाच सगळा गाव पायथ्याशी जमला. टेकडी काही मोठी नव्हे. वर घंटा वाजली की खालची गुरं कान हलवतात. पण वाट म्हणजे झिजलेल्या पायऱ्या कमी आणि काळे खडक जास्त. वर पुजारी होता, पहाटेच चढून गेलेले काही लोक होते, आणि हात मागे बांधून देवळाच्या दारात उभा राहायला हरीओम गेला होता. देवमनही आला. मोटारसायकलला टेकून, लोकांपासून जरा अलग, उगाच आभाळ बघत उभा राहिला.

मारोतरावांनी दिवा गाडीवर बसवला. तूप थिजलेलं, वात भिजलेली. स्वतःच्या हातानं लावला, काच चढवली, हात जोडले आणि रिमोट उचलला. टाळ कडाडले. नामघोष उठला. गाडी निघाली.

पहिल्या पायऱ्या तिनं सहज काढल्या. मग आडवा खडक आला. गाडी कलली, काच कलली, ज्योत काचेला काजळी लावून गेली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मारोतरावांनी अंगठा उचलून धरला. पुढची जड चाकं खडकावर घोरपडीसारखी बसून राहिली. मागचं एक चाक सुटलं होतं, ते हळूच टेकलं. गाडी पुन्हा सरकली. देवमन आता आभाळ बघत नव्हता.

आणि मग ती मोठ्या शिळेला वळसा घालून दिसेनाशी झाली.

पुढची वाट खालून दिसत नाही, हे मारोतरावांना काय माहीत नव्हतं? माहीत होतं. शिळेमागे डावीकडे एक भेग, मग गुळगुळीत फरशी, मग देऊळ. गेलेल्या पायाला ती वाट अजून पाठ होती. पण गाडी भेगेच्या किती जवळ आहे, हे कळायचं कसं? त्यांनी कान टवकारले. टाळांच्या खणखणाटात काहीच ऐकू येईना.

"टाळ बंद करा!"

कुणाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. उभ्या जन्मात मारोतरावांनी टाळ थांबवायला सांगितलं नव्हतं. मृदंगी टाळ चालवतो, थांबवत नाही.

"बंद करा म्हनतो ना!"

"काल्याचं भजन मधात तोडत नसतेत, मारोतराव!" भिवाजी ओरडले. "देवाचं नाव चालू हाय!"

"देवाले घडीभर थांबता येते. मले गाडी आइकू द्या!"

त्यांचा आवाज फाटला होता. मान ताठ होती. भिवाजी त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी गळ्यातल्या वीणेवर तळवा ठेवला आणि तार मुकी केली. त्यामागोमाग टाळ थांबले. एक लेकरू रडत होतं, त्याच्या आईनं त्याला छातीशी घेतलं.

टेकडीवरून बारीक, किड्यासारखा आवाज येत होता. मारोतरावांनी डोळे मिटले. आवाज एकदम चढला. चाकं घसरत होती. त्यांनी अंगठा सैल केला. मागे. उजवीकडे. पुन्हा दाब. आवाज खाली आला, जड झाला, घुमला. चाकांनी दगड धरला होता. काच दगडाला लागल्यासारखा एक टणत्कार झाला आणि गोजराबाईंनी नवऱ्याचा सदरा मागून घट्ट पकडला. मारोतराव हलले नाहीत. आवाज एका लयीत चालू राहिला. मग मोटार कण्हली. थांबली. पुन्हा कण्हली. थांबली.

"मारोतकाका!" वरून हरीओमची हाक आली. "आली! दिवा जयते अजून! पन उंबरठ्याले अडली! लय उंच हाय, चढत नाई! उचलून आत ठेवू काय?"

साऱ्यांच्या नजरा मारोतरावांकडे वळल्या. भिवाजी जवळ आले. त्यांचा आवाज आता वेगळाच होता.

"ठेवू द्या ना, मारोतराव. दारापावतर आली. आता कोन काय म्हनते? मीच म्हनतो, ठेवू द्या."

मारोतरावांनी डोळे उघडले. तीन हातांवर गाभारा होता. एक हो म्हटलं की दिवा पिंडीपुढे.

"हात नको लावू, हरीओम!" ते गरजले.

"मंग? देव आत हाय, काका, अन् दिवा बाहेर!"

"माह्यानं होईन तेवढं झालं! खडक माह्या वाट्याचे होते, थे म्या चढलो. उंबरठा त्याच्या घरचा हाय. त्याले वाटन तर येईन तो बाहेर!"

त्यांनी रिमोटचं बटण बंद केलं आणि तो सदऱ्याच्या खिशात टाकला.

"देवाशी असं बोलते काय मानूस?" मागून एक म्हातारी पुटपुटली.

"माह्याशी बी असेच बोलतात," गोजराबाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्याले बी होईन सवय."

वर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. लोक माना उंच करून बघत होते. दिसण्यासारखं काही नव्हतं; शिळा होती, तिच्यामागे देवळाचा कळस होता. काल्याची आरती दरवर्षी गाभाऱ्यात होई, आणि ज्यांना चढवत नाही, अशा पायथ्याशी बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिची नुसती कुजबुज पोहोचे. शब्द कोणता, कडवं कोणतं, काही कळत नसे. ते आपले अंदाजानं हात जोडून घेत.

आज घंटा झाली आणि आरतीचा पहिला शब्द उठला तो थेट खाली आला. मोकळा, स्वच्छ, वाऱ्यावरून. मग दुसरा. पुजाऱ्याचा खरखरीत आवाज, हरीओमचा चढा आवाज, वेगवेगळे ओळखू येत होते. पुजाऱ्यानं ताट बाहेर आणलं होतं. आरती उंबरठ्याबाहेर होत होती.

चौथऱ्यावरच्या म्हाताऱ्या एकेक करत, गुडघ्यावर हात देऊन उभ्या राहिल्या.

मारोतरावांनी मृदंग गळ्यात घातला, नकली पाय खडकावर रोवला, आणि वरच्या आरतीला खालून ठेका धरला.